हळदीवरचा हिरवा बाण

इंद्रभाननं लॅपटॉप उघडला आणि कालचा हिरवा बाण गायब.

किन्हीराजातल्या त्या घरात हळद विकायची थांबली होती ती याच बाणावर. हळदीच्या वायदे बाजाराच्या आलेखावर हिरवा आला की भाव चढणार, लाल आला की उतरणार. काल हिरवा पाहून इंद्रभाननं व्यापारी परत पाठवला. आज भाव कोसळला, आणि कालच्याच दिवसावर लाल बाण बसलेला.

लॅपटॉप पोरीचा, वैभवीचा. कारंज्यात हरीओम सरांच्या क्लासमध्ये ती आलेखावर असे बाण काढणारे प्रोग्राम, म्हणजे इंडिकेटर, लिहायला शिकत होती. हा बाणवाला इंडिकेटर सरांचाच, इंद्रभाननं विकत घेतलेला.

फोन गेला तसे सर मोटरसायकलवर हजर.

"पोरीनं कोड बिघडवला. लॅपटॉप माझ्याकडे द्या."

"न्या. तिचा क्लास आजपासून बंद," इंद्रभान म्हणाला.

वैभवीचा चेहरा उतरला. इंद्रभानची माय प्रयागबाई मात्र लॅपटॉपवर हात ठेवून बसली.

"काहून वं, कोड बदलला का तू?" तिनं नातीला विचारलं.

"नाई, आजी. वाचला फक्त. एक ओळ समजली नाई म्हनून सरले इचारलं."

"मंग?"

"म्हनले, ते पुढं शिकवू."

प्रयागबाई सरांकडे वळली. "तुमचा बाण कधी चुकला, मास्तर?"

"कधीच नाही. हे मागचं वर्ष बघा." लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येक शिखरावर लाल, प्रत्येक खड्ड्यात हिरवा बाण.

"आन् आजचा?"

सरांनी बोट फिरवून पुन्हा मागचं वर्ष आणलं.

"तुमच्या मोबाइलात हाच बाण हाय ना? आत्ताचा दाखवा."

दर पाच मिनिटांचा भाव दाखवणाऱ्या आलेखाच्या टोकाला हिरवा बाण होता. सगळ्यांनी पाहिला. प्रयागबाईनं मोबाइल आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

"हे कशाला?" सरांनी विचारलं.

"माही नात लई हात लावते म्हनता ना? आता कोनाचाच लागनार नाई. जेवून घ्या."

जेवणानंतर मोबाइल त्यांच्याकडूनच उघडवला. भाव खाली गेला होता. हिरवा बाण नव्हता.

"कुलूप तं शाबूत हाय," प्रयागबाई म्हणाली. "मंग बाण कोनं चोरला, मास्तर?"

सरांनी मोबाइल खिशात घातला. प्रयागबाई इंद्रभानकडे वळली.

"आपल्याकडं उभ्या तुरीत उतारा, किती पिकन ते, सांगतेत. मळणी झाल्यावर सांगनाऱ्याले कोनी इचारत नाई. ह्याचा बाण मळणीनंतर सांगते, आन् आधी चुकीचं सांगतलं ते पुसून टाकते. म्हनून मागचं वर्ष कधीच चुकत नाई. म्हनूनच मास्तर आजच्या बाणापाशी थांबत नाई."

वैभवीनं ती ओळ दाखवली. आलेखावरच्या पुढच्या कँडल, म्हणजे नंतरचे भाव, पाहून ती ओळच जुना बाण काढत होती आणि मागं नवा बसवत होती.

"लॅपटॉप कायले पाहिजे होता, ते समजलं आता," प्रयागबाई सरांना म्हणाली. "पोरगी ह्या ओळीपाशी येऊन उभी राह्यली होती. शिकनाऱ्या पोरीले चोर ठरवता, लाज नाई वाटली?"

"बाजारात सगळेच असं विकतात, बाई," सर पुटपुटले.

"मंग आता सगळ्याईलेच समजू द्या. इंद्रभान, ह्याच्याकडून ज्यानं ज्यानं घेतला त्याले फोन लाव. ह्याच्या समोर."

इंद्रभान एकेकाला सांगत गेला, आपण कसे फसलो ते. त्याचा आवाज मोठा होत नव्हता.

तोवर वैभवीनं ती ओळ काढून टाकली.

"आता बाण आपल्या जागेवरून हालनार नाई, बाबा."

"चुकला तं?"

"तं चुकलेला दिसन."

इंद्रभान म्हणाला, "कारंज्यात दुसरा क्लास हाय का, पाह्य. मी येतो संगं."