पान सहाशे बारा

“पटणार न्हाई. पोरी, आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीवर आजवर कुणी इश्वास ठेवला न्हाई, आन तूही ठेवणार न्हाईस.”

बसवराजअप्पांनी विडा गालात सरकवला. नवी सून महानंदा नायगावची. सासऱ्यांच्या थापांची ख्याती तिच्या माहेरापर्यंत पोचलेली, त्यामुळे ती नुसतीच हसली. लातूरच्या त्या घरात दुपारची वीज गेली होती. दाराशी अप्पांची बायको शिवकांता सुपात तूरडाळ निवडत बसली होती. चाळीस वर्षांत ही गोष्ट तिनं किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. ती मान वर करत नसे.

“चाकूरची गोष्ट हाय. तुझी अव्वा, ही सासू बी हाय त्यात,” अप्पा म्हणाले. “लातूर जिल्हा नुकता झालेला. आन दुष्काळ असा, की म्हशीनं दूध दिलं तरी त्यात घालायला पाणी न्हाई. गवळ्यांवर खरं दूध विकायची पाळी आली.”

तर नवा जिल्हा झाला तसं कचेऱ्यांचं सामान ट्रकात भरून इकडून तिकडं हललं. कुठली टेबलं कुठल्या गावी उतरली, याचा मेळ कुणालाच लागेना. त्या घोळात एक खोकं चाकूरच्या मठाशेजारच्या वाचनालयात येऊन पडलं. आत एकच पुस्तक. सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळं नाव न्हाई, लेखक न्हाई. आठशे चाळीस पानं. गावातल्या केवळाबाईंनी ते वाचून झाल्यावर आठवडाभर लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलं होतं, एवढं त्याचं वजन.

वाचनालय शिवकांता सांभाळायची. मॅट्रिक झालेली, लग्नाला दीड वर्ष झालेलं. दुपारी कपाट उघडायचं, वहीत नाव लिहून पुस्तक द्यायचं, परत आलं की झटकून ठेवायचं. नवरा बसवराज गावात इंजिनं दुरुस्त करायचा. माहेरी परतायची सोय नव्हती तिला. आई-बाप दोघंही गेलेले. जे काय होतं ते हा एकटा माणूस होता.

पुस्तक भीतीचं होतं. एक लहान गाव, बसथांब्याजवळ लिंबाचं झाड, एक मठ. दुष्काळात गावचा जुना आड आटतो आणि सहा माणसं गाळ काढायला आत उतरतात. इथवर यायलाच सहाशे पानं लागत. तोवर गावातल्या दर घराची चूल, दर माणसाचा खोकला लिहून काढलेला. गावातल्या तिघांनी ते पुरतं वाचलं, आणि तिघांत जुंपली.

“तीनशे पानांत झालं असतं हे,” शेषेराव मास्तर म्हणाले. तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. “सहा उतरतात, सहा वर येतात. यात भ्यायचं काय? उगा पाल्हाळ.”

केवळाबाईंनी पदर सावरला. “मास्तर, तुम्ही ते पान नीट वाचलंच न्हाई. पाच येतात वर. त्या सहाव्याची बायको लोटा घेऊन उभीच राहते. दोन दिस घास उतरला न्हाई माझ्या घशाखाली.”

“पाच?” किराणावाले गुरुपादप्पा हसले. “बाई, चष्मा बदला. सात येतात. आन त्यातला जास्तीचा कोन, ते कुणालाच कळत न्हाई. सातही घरची माणसं. सगळे ओळखीचे. असलं लई वरसांत वाचलं नव्हतं मी.”

“सहा.”

“मास्तर, तुम्ही पोरांचे पेपर बी असेच तपासले असतील.”

शिवकांताला वाटलं, कुणीतरी पानं गाळून वाचलीत. एरवी तिनं लक्ष दिलं नसतं. पण मठामागचा जुना आड आटला होता, येत्या सोमवारी गाळ काढायचं ठरलं होतं, आणि उतरायला सहा माणसं निवडली होती. पहिलं नाव बसवराजचं.

तिनं पुस्तक टेबलावर उघडलं. पान सहाशे बारा. “इथं वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं. एकेकानं.”

मास्तरांनी बोट ठेवलं. “‘दिवस कलताना सहाही जण वर आले.’ झालं?”

केवळाबाईंनी चष्मा पुसला आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं. “‘दिवस कलताना पाच जण वर आले.’”

गुरुपादप्पांनी वाचलं ते सात.

मास्तरांनी पुन्हा वाचलं, पुन्हा सहा. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे दोघं आपली चेष्टा करताहेत. मग शिवकांतानं पुस्तक स्वतःकडं फिरवलं. तिला त्या ओळीत आकडाच दिसेना. तिथं एवढंच होतं: दिवस कलताना ते वर आले, आणि बायका मोजू लागल्या.

घरी येऊन तिनं भाकरी टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, “सोमवारी तुम्ही उतरायचं न्हाई.”

“का?”

तिनं कारण सांगितलं. बसवराज घोटभर पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. दुष्काळातलं पाणी नाकातून गेलं म्हणून तो चिडला. “कादंबरी वाचून गावचं काम सोडू? लोक शेण घालतील तोंडात.”

“सोडू नका. काम काढून परगावी जा. माझ्या डोक्यावर हात ठेवा.”

त्यानं हात ठेवला. उपशाच्या इंजिनाचा पट्टा तुटला होताच; तो नांदेडहून आणतो, असं त्यानं पंचांना सांगितलं. त्याच्या जागी दुसरा माणूस घ्यायचं ठरलं. सोमवारी सकाळी शिवकांता त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेली. तो खिडकीशी बसला. बस अहमदपूरच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईस्तोवर ती लिंबाखाली उभी होती.

“पण मी कसला जातो?” अप्पा मध्येच म्हणाले आणि महानंदाकडं बघून डोळा मिचकावला. “फाट्यावर उतरलो. आडवाटेनं चालत परत. डोक्याला पंचा गुंडाळला आन सगळ्यांच्या मागनं दोर धरला. बदली माणसाला म्हटलं, तू बस सावलीला.”

आडावर गाव जमलं होतं. उतरणाऱ्यांच्या घरच्या बायका लोटे घेऊन काठाशी बसल्या. हीच रीत, वर येणारा आधी आपल्या घरचं पाणी पितो. शिवकांतानंही लोटा आणला होता. का आणला, हे तिलाच सांगता आलं नसतं.

रहाट करकरत राहिला. गाळाच्या पाट्या वर येत गेल्या. आधी वाळलेला, पांढुरका गाळ. मग काळा. दुपारी दोनला ओल्या मातीचा वास आला, आणि चार महिन्यांत तो कुणी घेतला नव्हता म्हणून बायका गप्प झाल्या.

खालून आवाज येत होते. शब्द कळत नव्हते. आडाच्या भिंतीला लागून एकाचे दोन होत, दोनाचे तीन. शिवकांता माणसं मोजू बघत होती आणि दर वेळी चुकत होती.

मग एक आवाज स्पष्ट आला. “पाणी लागलं!”

तो बसवराजचा होता.

ती उठली. शेजारची म्हणाली, “बस गं, ऊन लागंल.” ती बसली. नवरा या वेळी नांदेडच्या बाजारात असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दिवस कलला.

पहिला वर आला. लोटा प्यायला.

दुसरा.

तिसरा, चौथा. चिखलानं सगळे सारखे.

पाचवा.

दोराला पुन्हा ताण आला. वर आलेल्यानं तोंडावरचा गाळ पुसला आणि सरळ तिच्यापुढं हात केला. ती बघत राहिली. मग तिनं लोटा पुढं केला.

“सहा उतरले, सहा आले,” अप्पांनी मांडीवर थाप मारली. “आन सहावा मी. आडाला पाणी लागलं, त्या पाण्यावर गावानं उन्हाळा काढला. मास्तर जिंकले. पुस्तक तेवढं कुणीतरी नेलं ते आणून दिलं न्हाई. हाय का न्हाई? सांगितलं होतं, पटणार न्हाई.”

महानंदा हसली. सुपातला हात थांबला होता, ते तिनं मग पाहिलं.

“खोटं हाय,” शिवकांता म्हणाली.

“आता गं? सगळीच खोटी हाय ती. गोष्ट हाय.”

“फाट्यावर उतरला ते खोटं हाय. उतरायच्या आधी सहा कपाळांना मी माझ्या हातानं विभूती लावली. बदली माणसाच्या बी. सहाही जण माझ्यादेखत आत गेले. पंचा गुंडाळून कुणी आलं न्हाई.” तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “वर सात आले. गावात कुणाला त्याचं काही वाटलं न्हाई.”

अप्पांचं चघळणं थांबलं.

“तिसऱ्या दिवशी नांदेडहून कार्ड आलं. तुमच्या अक्षरातलं. पट्टा मिळाला न्हाई, आणखी दोन दिवस लागतील म्हणून.”

“मग, अव्वा?” महानंदानं हळूच विचारलं.

“मग दोन दिवसांनी आले. दुपारच्या बसनं. कडी वाजवली, ह्यांच्याच आवाजात हाक मारली. लई येळ मारली.”

“आन?”

शिवकांतानं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

“हे आत जेवाय बसले होते,” ती म्हणाली. “मी कडी काढली न्हाई.”