अर्ध्याचं अर्धं

दर रविवारी सकाळी दहा वाजता माझ्याकडे सात मुलं येतात. पुढच्या खोलीत लांब टेबल आहे, तिथे मी त्यांना हलणारी चित्रं शिकवतो. पहिला धडा नेहमी चेंडूचा. पहिल्या कागदावर चेंडू हवेत, शेवटच्या कागदावर जमिनीवर. मुलं लगेच दुसरं, तिसरं असं ओळीने काढायला धावतात. मी त्यांना थांबवतो. आधी बरोबर अर्ध्यावरचं काढायचं. मग उरलेल्या अर्ध्याचं अर्धं. मग त्याचंही अर्धं. कागदांखाली दिवा असतो, त्यामुळे अलीकडचं आणि पलीकडचं अशी दोन्ही चित्रं दिसतात. आपली रेष त्यांच्या मधून न्यायची. मधली चित्रं जास्त भरली की चेंडू सावकाश पडतो, कमी भरली की धपकन.

"आणि एकही नाही काढलं तर?" एकाने विचारलं होतं.

"तर तो आत्ता वर असतो, आणि पुढच्या क्षणी खाली. मधे काहीच नाही."

मुलं हसली. हे हसत सांगायला मला बरीच वर्षं लागली.

उमेदीच्या काळात मी एका कार्टूनच्या स्टुडिओत कामाला होतो. तिथल्या मुख्य चित्रकाराला सगळे थोरले म्हणत. हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र ते काढायचे, मधली आम्ही. माझी धाकटी बहीण शेजारच्या खोलीत रंगाला होती. पांढरे सुती मोजे हातात चढवून पारदर्शक तावांवर मागच्या बाजूने रंग भरायचा, आणि तो रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. तिची नजर तीक्ष्ण होती आणि जीभ त्याहून. एकदा तयार झालेला तुकडा सगळ्यांना पडद्यावर दाखवत होते, तेव्हा ती म्हणाली की दरवाजातून आत येताना राजाच्या अंगरख्याला पाच बटणं होती, सिंहासनावर बसेपर्यंत सहा झाली. वाटेत राजा जेवला वाटतं. सगळी खोली खदखदून हसली. थोरलेही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर दोन चित्रं ठेवली. एक नंबरच्या चित्रात माझी बहीण खुर्चीत ताठ बसून समोर बघत होती. पंचवीस नंबरच्या चित्रात ती त्याच खुर्चीत होती. मान खांद्यावर कलंडलेली, हात लोंबलेला, डोळे उघडे. खुर्ची आमच्या घरातली होती, खिडकीपाशीची. थोरले आमच्या घरी कधीच आले नव्हते.

"मधली तू कर," ते म्हणाले. "तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?"

थट्टाच असणार. पण रेष अशी होती की मला मोह आवरला नाही. मी तेरावं काढलं, बरोबर अर्ध्यावरचं. तोवरचं माझं सगळ्यात चांगलं चित्र. संध्याकाळी घरी जाताना बहीण म्हणाली, दादा, मान आखडलीय रे. ती किती कलली होती हे मला मोजावं लागलं नाही.

योगायोग असेल, म्हणून खात्री करायला मी एकोणिसावं काढलं. दुसऱ्या सकाळी ती खिडकीपाशी बसली, ती पुन्हा उठली नाही.

मग दोन दिवस मी पेन्सिलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत तिची मान एकदम बोटभर खाली आली. घसरली नाही. आधी वर होती, मग खाली होती. मधे काहीच नव्हतं. तेव्हा मी धावत टेबलाशी गेलो आणि उरलेल्याचं अर्धं काढलं. शेवटचं चित्र जाळूनही पाहिलं. सकाळी ते गठ्ठ्याच्या तळाशी होतंच. थोरल्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझी मधली चित्रं दिव्यावर धरून पाहिली आणि हात चांगला बसलाय म्हणाले. पुढच्या वर्षी ते झोपेतच गेले. चित्र राहिलं.

अर्ध्याचं अर्धं कधी संपत नाही. म्हणून रोज एक चित्र, वर्षाचा एक गठ्ठा. असे एक्केचाळीस गठ्ठे कपाटात आहेत. ती आतल्या खोलीत आहे. सुरुवातीला एक डॉक्टर आले होते. नाडी आहे, पण दोन ठोके मोजायचे तर जेवणाचा डबा घेऊन यायला हवं, असं म्हणाले, स्वतःच हसले आणि परत फिरकले नाहीत. तिचे केस अजून काळे आहेत.

आता कालच्या आणि शेवटच्या चित्रात केसाएवढंही अंतर दिसत नाही, आणि माझा हात कापतो. गेल्या वर्षी रेष दोनदा चुकली. म्हणून मी वर्ग सुरू केला. मला शिकवायला आवडतं, हे खरंच आहे. पण मला सात मुलं नको होती. सातांतलं एक हवं होतं.

ते मिळालं. नऊ वर्षांची मुलगी. तिची रेष इतकी बारीक की बाकीची तिला सुई म्हणतात. तिच्या आईला मी सांगितलं, पोरीचा हात देवाने दिलेला आहे, रोज अर्धा तास पाठवत जा. आई हरखून गेली. जन्मभर तुमच्याच हाताखाली राहू दे, आजोबा, असं म्हणाली. मी बरं म्हटलं.

सुईला मी कपाट उघडून दिलं. तिने मधलाच एक गठ्ठा काढला, कड धरली आणि सगळे कागद अंगठ्याखालून भराभर सोडले. मग आणखी एक.

"आजोबा, ही बोलतेय."

मी म्हटलं, पहिल्या चित्रात ओठ मिटलेले, शेवटच्या चित्रातही मिटलेले, मग मधे उघडतील कसे? आदल्याच रविवारी मी मुलांना तोंडाचे आकार शिकवले होते. प, ब, म ला ओठ मिटतात. उ ला चंबू होतो. ए ला ताणले जातात. सुई कागद सोडत होती आणि स्वतःचे ओठ तसेच हलवत होती.

"मिटले. चंबू. मग ताणले." ती थांबली. "पुरे. पुरे म्हणतेय ती. दर गठ्ठ्यात एकदा."

"बरोबर ओळखलंस," मी म्हणालो.

मला ते अठरा वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

"मग तुम्ही थांबत का नाही?"

मी तिला शेजारी बसवून समजावलं. मी थांबलो तर मान पडेल, आणि ती माझ्या हातून पडली असं होईल. चित्र काढत राहिलं की कुणाच्याच हातून काही होत नाही. सुईने मान डोलावली. मुलांना नीट समजावलं की पटतं.

त्या दिवशीचं चित्र मी तिला काढायला दिलं.

दिव्यावर कागद ठेवून, जीभ दातांत धरून ती चाळीस मिनिटं वाकली होती. मी चित्र तपासलं. मान, खांदा, बोटं, कुठेही चूक नाही. माझ्या उमेदीतही माझी अशी रेष नव्हती. नाकाखाली मात्र कागद कोरा होता.

"तोंड राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही. तोंड असलं की ती तेच बोलत बसणार. मग तुम्हाला वाईट वाटणार."

पेन्सिल माझ्यासमोर होती. दोन ओठ काढायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी चित्रावर तारीख घातली, ते गठ्ठ्यावर ठेवलं आणि तिच्या पाठीवर शाबासकी दिली.

सकाळी आतल्या खोलीत जाऊन पडदा सरकवला.

मान जिथे होती तिथेच होती. केसभरही ढळली नव्हती.

नाकापासून हनुवटीपर्यंत कातडी सलग होती. गुळगुळीत, तान्ह्या मुलाच्या पाठीसारखी.

डोळे उघडे होते. डाव्या डोळ्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब नुकता फुटला होता. तो हनुवटीपर्यंत पोचेल, तेव्हा सुई माझ्या वयाची झालेली असेल.