पाळणा म्हणतो, काहीतरी चुकलंय!

गुरुवारी दुपारी सव्वा वाजता रेवाच्या घरातला पाळणा गायचा थांबला, आणि तेव्हापासून त्या घरात कुणालाही सुखाने जेवता आलं नव्हतं.

हा काही साधासुधा पाळणा नव्हता. तो बाळाचं वजन करायचा, दुपटं ओलं झालं की दिवा लावायचा, स्वतःहून झुलायचा आणि मुख्य म्हणजे आईच्या आवाजातली अंगाई लावायचा. रेवाची आई समुद्रशास्त्रज्ञ होती. गेल्या सोमवारी ती अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या प्रयोगशाळेत पंधरा दिवसांसाठी गेली होती. तिथून घरी बोलता यायचं ते फक्त शनिवारी. म्हणून निघायच्या आधी तिने पाळण्यापाशी बसून घाईघाईत एक अंगाई गायली आणि पाळण्याने ती साठवून ठेवली.

आई काही गायिका नव्हती. 'झोप गं बाई ये लवकर, माशांच्या पाठीवर बसून ये' असं स्वतःच रचलेलं गाणं ती म्हणत होती, आणि दुसऱ्या कडव्यात तिला जोरात शिंक आली. "अगंबाई, थांब हं," असं म्हणून ती पुन्हा गायला लागली. गंमत म्हणजे बाळाला नेमकी ती शिंकच आवडली! शिंक आली की बाळ खुदकन हसायचं आणि तिसऱ्या कडव्याला गाढ झोपायचं.

आणि आता पाळणा त्या शिंकेपर्यंत पोहोचतच नव्हता. रेवाने बटण दाबलं की तो अगदी अदबीने म्हणायचा, "क्षमस्व. काहीतरी चुकले आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा. तरीही न जमल्यास सर्व माहिती पुसून पाळणा नव्याने सुरू करा."

"काय चुकलंय?" रेवाने विचारलं.

"काहीतरी," पाळणा म्हणाला.

गुरुवारभर सगळ्यांनी सगळं करून पाहिलं. बाबांनी पाळण्याचे सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवले. दोन उरले, ते खिशात टाकले. शेजारच्या दिघे काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून बाळाची दृष्ट काढली, आणि बाळ तरीही थांबेना तेव्हा पाळण्याचीही काढली. शेवटी बाबांनी स्वतः अंगाई गायली. बाळ क्षणभर गप्प झालं, बाबांकडे नीट बघत राहिलं आणि दुप्पट जोराने रडायला लागलं.

शुक्रवारी दुपारी बाबांचे केस उभे होते आणि बाळाचे डोळे लाल. "पुरे झालं," बाबा म्हणाले. "पाळणा स्वतःच सांगतोय ना, सगळं पुसा म्हणून? पुसतो."

"बाबा, नको!" रेवा पाळण्यासमोर आडवी उभी राहिली. "आईची अंगाई जाईल! ती दुसरीकडे कुठेच नाहीये!"

"उद्या शनिवार. आई बोलेल तेव्हा पुन्हा म्हणून घेऊ की."

"आणि शिंक? मुद्दाम शिंकता येतं का?"

बाबांनी रडणाऱ्या बाळाकडे बघितलं. त्यांचं बोट पुसायच्या बटणाकडे जाणार, एवढ्यात दार वाजलं आणि खांद्याला झोळी लावलेली केतकी आत्या आत आली. ही बाबांची थोरली बहीण. पंचवीस वर्षं ती यंत्रांसाठी सिस्टिम सॉफ्टवेअर (यंत्राच्या पोटात राहून सगळ्या कामांची व्यवस्था बघणाऱ्या सूचना) लिहीत होती. गेल्या रविवारी बाळाचं बारसं झालं तेव्हा रीतीप्रमाणे बाळाच्या कानात नाव सांगायला ती आली होती आणि नंतर चार दिवस मैत्रिणीकडे राहिली होती.

"निन्या, हात मागे घे," ती दारातूनच म्हणाली. बाबांचं नाव निनाद, पण आत्याच्या तोंडी ते चाळिसाव्या वर्षीही निन्याच होतं.

आत्याने पाळण्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. "इतका भिकार त्रुटी-संदेश (काही बिनसलं की यंत्र जे सांगतं ते वाक्य) मी जन्मात ऐकला नाही. कुणी गाढवाने लिहिला असेल!"

"म्हणजे पाळणा बिघडलाय?" रेवाने विचारलं.

"ते कळायला आधी एक खेळ खेळू. तू पाळणा हो. निन्या, तू माणूस हो."

"मी आहेच," बाबा बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाले.

"तू रेवाकडे शंकरपाळ्यांचा डबा मागायचा. आणि रेवा, डबा मिळाला नाही तर तू एकच वाक्य बोलायचं. कुठलं ते तुला ठाऊक आहे."

बाबा म्हणाले, "रेवा, फ्रिजवरच्या टोपलीतून शंकरपाळ्यांचा डबा आण."

रेवा स्वयंपाकघरात गेली. फ्रिजवर टोपलीच नव्हती. ती परत आली. "क्षमस्व. काहीतरी चुकले आहे."

"टोपलीत नाही होय? मग फडताळातून आण."

फडताळ होतं. त्यात डाळी होत्या, पोहे होते, पण डबा नव्हता. "क्षमस्व. काहीतरी चुकले आहे."

"बरं, ओट्याखालच्या खणातून आण."

खण होता, काचेतून आतला डबाही दिसत होता. पण बाळाने उघडू नये म्हणून खणाला खटका लावलेला होता आणि तो उघडायची रेवाला परवानगी नव्हती. ती परत आली. आता तिला हसू आवरत नव्हतं. "क्षमस्व. काहीतरी चुकले आहे."

बाबा स्वतः जाऊन खटका काढून आले. "आता आण!"

रेवाने डबा उघडला. आत शेंगदाण्याचं कूट होतं.

"क्षमस्व. काहीतरी..."

"अगं, पण काय चुकलंय ते सांग ना!" बाबा ओरडले. बाळ दचकलं आणि रडायचं थांबलं. "नुसतं काहीतरी, काहीतरी! माणसाने करायचं काय?"

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," रेवा म्हणाली आणि जमिनीवर लोळून हसली.

आत्याने तिला उठवून बसवलं. "हसून झालं असेल तर मला सांग. काय चुकलंय ते चारही वेळा तुला माहीत होतं की नव्हतं?"

"माहीत होतं की! पहिल्यांदा टोपलीच नव्हती. मग फडताळ होतं, डबा नव्हता. मग डबा होता, पण परवानगी नव्हती. आणि शेवटी सगळं होतं, पण आत भलतंच!"

"अगदी तस्सं यंत्राचं असतं. आईची अंगाई म्हणजे एक फाइल (एका नावाने साठवलेली माहिती). ती एका फोल्डरमध्ये (फाइली ठेवायच्या कप्प्यात) असते. पाळण्याला फाइल लागली की तो आपल्या कोठीवाल्याला सांगतो. कोठीवाला म्हणजे तेच, पोटातलं सिस्टिम सॉफ्टवेअर. तो आधी कप्पा शोधतो, मग फाइल, मग परवानगी बघतो, मग आतला मजकूर धड आहे का ते बघतो. कुठेही अडला तर थांबतो आणि नेमका कुठे अडलो त्याची चिठ्ठी वर पाठवतो."

"मग ती चिठ्ठी गेली कुठे?"

"मधल्या कुणीतरी खिशात घातली! आणि तुमच्यासमोर येऊन म्हणाला, काहीतरी चुकलंय."

रेवाने पाळण्याकडे रागाने बघितलं. म्हणजे याला दोन दिवस सगळं ठाऊक होतं!

"त्याला नको रागावू," आत्या म्हणाली. "त्याला जेवढं शिकवलं तेवढंच तो बोलणार. बघू तरी त्याला कुणी शिकवलंय ते."

पाळण्याचं सॉफ्टवेअर कुणालाही वाचता येईल असं खुलं होतं. आत्याने झोळीतून आपली पाटी (तिच्या संगणकाला ती पाटीच म्हणायची) काढली, पाळण्याला जोडली आणि भराभर ओळी सरकवायला लागली. फाइल उघडायचा हा भाग कितीतरी यंत्रांत जसाच्या तसा वापरलेला होता. पाळण्यात, पाणी सोडायच्या पंपात, बसथांब्यावरच्या पाटीत, सगळीकडे.

"सापडलं. ही बघ ती ओळ. कोठीवाल्याची चिठ्ठी घ्यायची, टाकून द्यायची आणि म्हणायचं, काहीतरी चुकले आहे. शेजारी लिहिणाऱ्याने टीप पण लिहिलीये." आत्याने चष्मा वर केला. "'असं कधी होणारच नाही. शुक्रवार आहे, घरी जाते. के.'"

"के म्हणजे?" रेवाने विचारलं.

आत्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"ताई," बाबा अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुझी पहिली नोकरी कुठे होती गं?"

"तेवीस वर्षांची होते मी," आत्या म्हणाली. "आणि शुक्रवार होता."

"गाढवाने लिहिलंय, असं कोण म्हणालं मघाशी?"

"निन्या, गप्प बस. रेवा, पुढे ये. ही ओळ आपण दोघी बदलणार आहोत. आधी चारही चिठ्ठ्यांना वेगवेगळी वाक्यं हवीत. पहिलं वाक्य सांग, कप्पाच सापडला नाही तर पाळण्याने काय म्हणावं?"

रेवाने लगेच सांगितलं, "फोल्डर नाही."

"कुठला?"

"अं... अमुक फोल्डर नाही."

"तो हवा होता कशाला?"

रेवाने डोकं खाजवलं. मग तिने एक लांबलचक वाक्य केलं. त्यात पाळण्याचा नंबर, चिठ्ठीचा नंबर, वार, वेळ आणि हवेचं तापमान होतं.

"हे ऐकून तुझे बाबा पाळणा खिडकीतून फेकतील," आत्या म्हणाली. "नंबर माझ्यासारखीला लागतात. ते मागे लिहून ठेवू, तोंडावर नको. तू स्वतःला विचार, काल, बाळ रडत असताना, तुला काय कळायला हवं होतं?"

रेवा बाळाकडे बघत बसली. बाबांच्या खांद्यावर ते हुंदके देत होतं आणि हाताने आपला कान ओढत होतं. मग तिने पाटी स्वतःकडे घेतली आणि हळूहळू लिहिलं. कुठल्या फाइलसाठी गेलो होतो, कुठे अडलो, आता माणसाने काय बघायचं. लिहून झाल्यावर थोडं थांबली आणि शेवटी आणखी दोन वाक्यं जोडली.

आत्याने ते वाचलं. मग रेवाच्या डोक्यावर हात ठेवला. पुढची तीन वाक्यं दोघींनी झटपट केली आणि सगळं पाळण्यात भरलं. रेवाने बटण दाबलं.

पाळणा म्हणाला, "मी 'लाडोबा' फोल्डरमधली 'अंगाई' ही फाइल आणायला गेलो. 'लाडोबा' नावाचा फोल्डरच सापडला नाही. त्याचं नाव कुणी बदललंय का, किंवा तो दुसरीकडे हलवलाय का, ते बघा. पाळणा बिघडलेला नाही. घाबरून काही पुसू नका."

आत्या आणि रेवा दोघींनी एकदमच बाबांकडे बघितलं.

"अरे देवा," बाबा म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. जन्मल्यापासून बाळाला सगळे लाडोबा म्हणायचे. आई आणि आत्या दोघींना एकदम सुट्टी मिळेपर्यंत बारसं लांबलं आणि बाळ सात महिन्यांचं झालं. रविवारी आत्याने त्याच्या कानात आरोह हे नाव सांगितलं, आणि बाबांनी फर्मान काढलं की आता पुन्हा कुणी लाडोबा म्हणायचं नाही. नाव ठेवलं की ठेवलं. नाहीतर टोपणनाव जन्मभर चिकटतं, हे निन्याइतकं कुणाला माहीत असणार? बुधवारी रात्री त्यांनी घराच्या संगणकाला सांगून टाकलं, "घरात जिथे जिथे लाडोबा आहे तिथे तिथे आरोह कर." संगणकाने मुकाट्याने केलं. बाटलीवरची चिठ्ठी बदलली, लसींची नोंद बदलली आणि पाळण्यातल्या फोल्डरचं नावही बदललं. पण अंगाई कुठून आणायची हे पाळण्याने आपल्या यादीत जुन्याच नावाने लिहून ठेवलेलं होतं. बिचारा दोन दिवस लाडोबाला शोधत होता, आणि लाडोबाचा झाला होता आरोह!

"म्हणजे अंगाई आहे?" रेवाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"होती तिथेच आहे. फक्त कप्प्यावरची पाटी बदलली. पाळण्याच्या यादीत आरोह लिहू."

"नको," बाबा म्हणाले. "फोल्डरलाच परत लाडोबा म्हणा. शाळेत आरोह, पाळण्यात लाडोबा."

रेवाने नाव बदललं आणि बटण दाबलं. पाळणा झुलायला लागला. झोप गं बाई ये लवकर, माशांच्या पाठीवर बसून ये... पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. बाबांनी श्वास रोखला, आत्याने चष्मा काढला.

हाक् छी! अगंबाई, थांब हं.

लाडोबा खुदकन हसला. तिसरं कडवं संपलं तेव्हा तो झोपला होता. बाबाही झोपले होते, पाळण्याच्या पायाला टेकून, खिशात दोन स्क्रू घेऊन.

आत्याने ती चार वाक्यं, ज्या ज्या यंत्रांत तिची जुनी ओळ होती त्या सगळ्यांच्या सांभाळ करणाऱ्यांकडे पाठवून दिली. खाली नाव घातलं, 'रेवा आणि के.' या वेळीही शुक्रवारच होता, पण तिने पाठवण्याआधी तीनदा वाचून पाहिलं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी समुद्राच्या तळातून आईचा चेहरा पडद्यावर आला. मागे निळं पाणी आणि एक आगाऊ मासा.

"रेवा, इथे एक गंमत झाली," आई म्हणाली. "पंधरवडाभर आमचा हवेचा पंप अधूनमधून नुसतं 'काहीतरी चुकले आहे' म्हणायचा आणि आम्ही सगळे धावायचो. काल त्याच्यात नवं सॉफ्टवेअर भरलं, तर तो म्हणाला, हवेच्या दाबाच्या तक्त्याची फाइल आहे, पण ती वाचायची परवानगी मला नाही, ती द्या. पंप बिघडलेला नाही. घाबरून काही पुसू नका! अगं, इतकं बरं वाटलं. घरचंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं."

रेवा काही बोलणार, तेवढ्यात तिच्या मांडीवरचा लाडोबा रडायला लागला.

"भूक लागलीये!" बाबा म्हणाले.

"दुपटं बघा आधी," आत्या म्हणाली.

"आत्या, सगळ्यात भिकार त्रुटी-संदेश याचाच आहे," रेवा म्हणाली. "सगळ्याला एकच भोकाड! हा बोलायला कधी लागणार?"

"कान ओढतोय ना तो?" आई तळातून म्हणाली. "मग झोप आलीये त्याला. भूक लागली की मूठ चोखतो. कान म्हणजे झोप."

रेवाने खाली बघितलं. लाडोबा रडता रडता खरंच कान ओढत होता. तसा तर तो गेल्या आठवड्यात, त्या शुक्रवारीही ओढत होता, बाबांच्या खांद्यावर!

तिने वही उघडली, वर 'लाडोबाचे संदेश' असं लिहिलं आणि पहिली ओळ घातली. कान म्हणजे झोप. मग वही बाजूला ठेवून ती त्याला पाळण्याकडे घेऊन गेली.