चंद्रीची गव्हाण

"म्हशीकडं काय असं टक लावून बघताय? नजर लागंल की तिला!"

केशरनं गोठ्याच्या दारातूनच आवाज दिला. समोर खाकी शर्टातला एक अनोळखी तरुण चंद्री म्हशीच्या पुढ्यात उकिडवा बसला होता. तो दचकून उठला आणि उठताना त्याचं डोकं वाशावर आपटलं.

"म्हशीकडं न्हाय..." डोकं चोळत तो म्हणाला, "गव्हाणीकडं बघतोय."

केशरला हसू फुटलं. गावात म्हशी बघायला माणसं येत. तिला बघायलाही दोन पाहुणे येऊन गेले होते. पण खास गव्हाण बघायला आलेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"मग? आवडली का?"

"लई!"

हे तो इतकं मनापासून म्हणाला, की तिचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं वाकून गव्हाणीच्या खालचं शेण नखानं खरवडलं. आतून पांढऱ्या रंगाचं एक टोक वर आलं... चांदणीचं असावं तसं.

"ही गव्हाण न्हाय. जीपचं बॉनेट हाय, उलटं टाकलेलं. मिलिटरीच्या जीपचं!"

केशर बघतच राहिली. जन्मल्यापासून ती या गव्हाणीत वैरण टाकत होती. दूध उतू का जातं इथपासून रेडिओत माणूस कसा बोलतो इथपर्यंत सगळ्याची चौकशी करणारी पोर ती, पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या या पत्र्याला तिनं कधी काही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

तरुणाचं नाव उत्तरेश्वर. नळदुर्गला हायवेवरच्या गॅरेजात तो ट्रकची कामं करी. पोलीस ॲक्शनच्या वेळी सोलापूरकडून फौज आली, तेव्हा तिची एक जीप बोरी नदीच्या चिखलात रुतून बसली. फौज हैदराबादकडे गेली, जीप राहिली. परत न्यायला कुणी आलंच नाही, आणि गावानं गरजेप्रमाणं तिची वाटणी करून टाकली. पंचवीस-सव्वीस वर्षांनी उत्तरेश्वरला नदीकाठी तिचा सांगाडा दिसला. बैल जुंपून तो त्यानं ओढून नेला, आणि आता उरलेली जीप तो घराघरांत शोधत होता.

"जोडून इकणार का?" केशरनं विचारलं.

"न्हाय."

"भाड्यानं लावणार?"

"न्हाय."

"मग कशाला एवढा खटाटोप?"

"बघायचंय," तो जरा लाजून म्हणाला, "कशी हुती ते."

हौसेला मोल नसतं म्हणतात. गावानं त्याला खुळ्यात काढलं, पण केशरला ते उत्तर फार आवडलं. खरं सांगायचं तर उत्तरापेक्षा उत्तर देणारा जास्त आवडला, पण ते तिला कळायला थोडे दिवस लागले.

पहिल्याच दिवशी त्यानं केशरच्या वडिलांकडे, आबारावांकडे ती गव्हाण मागून पाहिली. आबारावांनी साफ नकार दिला. दुष्काळात गुरांच्या छावणीत चंद्री दुसऱ्या कशात तोंड घालीना. शेवटी ही गव्हाण तिथं नेली, तेव्हा कुठं म्हैस जगली. "म्हशीच्या तोंडचं भांडं मी कुणाला देणार न्हाय," म्हणून ते मोकळे झाले.

मग बाकीचे भाग शोधायचं ठरलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेली म्हणून गावच्या नव्या दूध सोसायटीत दूध मोजायचं काम केशरकडे होतं. कुणाच्या घरात काय आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दर रविवारी उत्तरेश्वर सायकल मारत यायचा, आणि दोघं घरं पालथी घालायची. शिवम्माच्या घरी स्टिअरिंग सापडलं, पाण्याच्या रांजणाखाली, चुंबळ म्हणून. ईरण्णा न्हाव्याकडे पुढच्या दिव्याची वाटी होती, त्यात तो दाढीचं पाणी ठेवी.

"अर्ध्या गावाची दाढी केलीय हिनं," ईरण्णा अभिमानानं म्हणाला.

उत्तरेश्वर प्रत्येक वस्तूच्या बदल्यात दुसरी, नवी वस्तू देई. केशर एकेक भाग पुसून बघे, त्याचं नाव विचारी, काम विचारी. एकदा तेलकट फडकं देता-घेता बोटाला बोट लागलं.

"काळं लागलं तुमच्या हाताला..." तो म्हणाला.

"लागू द्या की," ती म्हणाली. "दृष्ट लागणार न्हाय."

त्यानं हातातला नट चार वेळा पुसला.

जीप भरत गेली, तशी केशर आतून रिकामी होत गेली. तिला भीती वाटायला लागली होती. शोधायचं काही उरलं नाही की हा माणूस या गावात कशाला येईल? शेवटचा दीड महिना तर तो एका हरवलेल्या नटासाठीच येत होता. तो नट सापडू नये, म्हणून केशरनं तुळजाभवानीला साकडंसुद्धा घातलं. तिचं त्याच्यावर प्रेम जडलं होतं, आणि त्याच्या मनात नटबोल्टांशिवाय दुसरं काही आहे की नाही, याचा तिला पत्ता लागत नव्हता.

अशात एका गुरुवारी नळदुर्गच्या बाजारातून शेजारचे कोंडिबा परतले. आबारावांच्या ओसरीवर टेकत म्हणाले, "उत्तरेश्वरचा निरोप हाय. ऐतवारी तुमच्याकडं मागणी घालायला येतोय."

आत भाकरी थापणाऱ्या केशरची भाकरी तव्यावरच करपली.

पोरगा कष्टाळू, घराणं माहितीतलं. आबारावांना नाही म्हणायला कारण नव्हतं. रविवारी चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, शिरा झाला. केशर आईची जांभळी इरकल नेसली. आणि दहाच्या सुमाराला धुरळा उडवत, धडधडत, हिरवीगार जीप दारात येऊन उभी राहिली! सगळं गाव लोटलं. उत्तरेश्वर आत आला, घोंगडीवर बसला. एवढा थाट कशासाठी, हे त्याला कळलेलं दिसत नव्हतं.

"आबा," तो घसा खाकरून म्हणाला, "पयल्या दिवशी बघितली तवापासनं मनात भरलीय."

आबारावांनी समाधानानं मान हलवली. दाराआड ताट घेऊन उभी असलेली केशर कान देऊन ऐकू लागली.

"तुमी जपली न्हाय असं न्हाय... पण शेणामुतात ऱ्हायलीय बिचारी."

आबारावांची मान थांबली.

"एका अंगाला जरा वाकलीय. त्याचं काय न्हाय, ठोकून सरळ करतो."

"ठोकून?"

"आन् मग हिरवा रंग देतो."

आबाराव ताडकन उठले. "कुणाला ठोकतो रं? माझ्या लेकीला?"

"लेकीला?" उत्तरेश्वर पांढराफटक पडला. "आबा, मी... मी गव्हाण मागायला आलोय!"

सगळ्यांनी कोंडिबांकडे पाहिलं. ध चा मा झाला होता. कोंडिबा मात्र ढिम्म.

"'मागायला येतो' म्हनलास न्हवं? तरण्या पोरानं पोरीच्या बापाकडं मागायला यायचं म्हंजे मागणीच की!"

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. केशरच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती नेसली होती, नटली होती, आणि तो आला होता म्हशीच्या गव्हाणीसाठी! ते पाणी कुणाला दिसू नये म्हणून तिनं तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जीप उन्हात उभी होती. केशर बघत राहिली... आणि एकाएकी ताट खाली ठेवून ती थेट ओसरीवर आली.

"जीपला बॉनेट हाय की!"



"अं... हाय," उत्तरेश्वर पुटपुटला.

"कवापासनं?"

"दीड म्हैना झाला. सोलापूरच्या भंगारात गावलं."

"मग आमची गव्हाण कशाला पायजे तुमाला?"

त्यानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"गव्हाण नकोय," तो म्हणाला. "जीप तर कवाच पुरी झालीय. इथं यायला कायतरी निमित्त लागत हुतं. आज ठरवून आलो हुतो, की खरं काय ते सांगायचं... पर आबा समोर बसले, आन् तोंडातनं गव्हाणच निघाली."

केशरला हसू यावं की रडू, ते कळेना. दोन्ही आलं.

 आबाराव पुन्हा घोंगडीवर बसले, आणि त्यांनी आवाज शक्य तेवढा कडक केला.

"गव्हाण मिळणार न्हाय."

"व्हय आबा."

"दुसरं काय मागायचं आसंल, तर नीट माग. ठोकाठोकी, रंग-बिंग काय बोलायचं न्हाय."

उत्तरेश्वरनं हात जोडले. एकदा केशरकडे पाहिलं, आणि या खेपेला नजर खाली वळवली नाही.

"आबा, मला केशर द्या."

आबाराव लेकीकडे वळले. "का गं केशर, तुला—"

"व्हय," केशर म्हणाली.