साधा खोकला

शनिवारी सकाळी बाबा दौलताबाद रस्त्यावरच्या गाडीवर पेरू निवडत होते. एकेक उचलायचे, वास घ्यायचे, परत ठेवायचे.

“काका, पेरू घ्यायलात का मुलाखत घ्यायलात?” गाडीवाल्या चंपाबाईंनी विचारलं.

बाबा हसले आणि हसता हसता खोकले. दोनदा, कोरडं. पडेगावात आमच्या घरासमोर रस्ता खणला होता. गुरुवारपासून मी त्या खोकल्याला धूळ म्हणत होते. घरी येऊन त्यांना ज्येष्ठमध दिलं. त्यांनी मीठ लावून अर्धा पेरू खाल्ला, पेपरातलं कोडं सोडवलं. आमचा दोघांचा तो शेवटचा साधा दिवस.

मी फोन हातात घेतला होता. धम्मपालचं नावही काढलं होतं. मग ठेवून दिला.

धम्मपाल डे-केअर वॉर्डातला नर्स. बाबांच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली आणि दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी, सलाईन सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी चुकून त्याच्या खुर्चीत बसले.

“बसा, बसा,” तो म्हणाला, “मी उभ्यानंच पगार घेतो.”

बाबांनी त्याला विचारलं, या औषधाने केस कसे गळत नाहीत?

“काका, हे औषध गाठीला मारतच नाही. मारतात तुमच्याच रक्तातल्या पेशी. त्या शिपायासारख्या अंगभर फिरतात, कोण आपलं कोण परकं ते तपासतात. गाठीची पेशी बिघडलेली असते, पण शिपाई आला की हळूच त्याचा हात दाबते... ‘घरचाच आहे, जाऊ द्या.’ तो जातो. हे औषध तिला हात दाबू देत नाही.”

“म्हणजे वशिला बंद,” बाबा म्हणाले. तहसिलीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस.

“बरोबर. पण एक आहे. शिपाई मोकळा सुटला की कधी घरच्यांवरही हात उचलतो. फुप्फुसावर, आतड्यावर. म्हणून साधा खोकला आला तरी मला फोन करायचा. लवकर कळलं तर आवरता येतं.” शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. नंबरही मलाच दिला.

वॉर्डात सगळे त्याला ब्रदर म्हणत. मी ‘अहो’वर भागवायचे.

“तुम्ही मला ब्रदर म्हणत नाही,” एकदा तो सलाईनचे थेंब मोजत म्हणाला.

“नाही म्हणत.”

“का?”

“...बाटली संपत आलीय बघा.”

“अर्धी आहे अजून.”

बाबा डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, असं मला आता वाटतं.

चौथ्या सलाईननंतर गाठ निम्म्यावर आली. रिपोर्ट माझ्या हातात देताना त्याने कागद लगेच सोडला नाही. मीही ओढला नाही.

सहाव्या सलाईनला, त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी, जिन्यापाशी, त्याने विचारलं, “काकांशी बोलू का मी? आधी तुम्ही सांगा. नाही म्हणालात तरी त्यांची शीर मीच शोधणार.”

“पुढच्या वेळी सांगते.”

हो म्हणायला वेळ लागणार नव्हता. पण बाबांनी त्याला आडनाव कधी विचारलं नव्हतं, आणि विचारतील त्या दिवशी काय होईल, मला ठाऊक नव्हतं. म्हणून शनिवारी फोन ठेवून दिला. आवाज ऐकला असता, तर खोकल्याबरोबर उत्तरही द्यावं लागलं असतं.

रविवारी पायऱ्या चढताना बाबांना श्वास पुरेना. डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? “आजच,” मी म्हणाले. पेशी फुप्फुसांवर चालून गेल्या होत्या. त्यांना आवरायला नऊ दिवस स्टेरॉइड चाललं. दहाव्या दिवशी बाबा गेले. गाठ तेव्हाही लहानच होत होती.

बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी धम्मपाल घरी आला. बाबांच्या फोटोसमोर उभा राहिला, मग खुर्चीच्या कडेवर बसला. पाण्याचा पेला त्याने तसाच धरून ठेवला.

“चारुता, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “सलाईननंतर तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना फोन करून विचारतो. तुम्हाला नाही केला. उत्तर यायचं होतं ना... मागं लागल्यासारखं वाटलं असतं. केला असता तर कदाचित...”

मी गप्प राहिले असते, तर ती चूक त्याच्याकडेच राहिली असती. जन्मभर. केसपेपरवर माझं ‘आजच’ लिहिलेलं होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

मी त्याच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला.

“खोकला गुरुवारपासून होता,” मी म्हणाले. “शनिवारी फोनवर तुमचं नाव काढून बसले होते, आणि लावला नाही. डॉक्टरांशी खोटं बोलले. फोन लावला असता तर... हो म्हणून गेले असते मी. हो म्हणायचं होतं मला, धम्मपाल. तेवढं टाळण्यासाठी बाबांना खोकत ठेवलं.”