जुहूच्या वाळूतला चौथा जोड

लता माझी सख्खी काकू. घाटकोपरला आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. तिनं मला हे एकदाच सांगितलं, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी वाद घालणार नाही.

१९८६ साल. मे महिन्यातला रविवार. जागा जुहू चौपाटी. आणि वेळ म्हणाल तर संध्याकाळचे साडेपाच, चांगलं लख्ख ऊन.

लताची धाकटी बहीण जानकी परभणीकडच्या खेड्यातून आली होती. जूनमध्ये तिचं लग्न. त्याआधी मुंबई बघायचीच म्हणून हटून बसलेली. माय पाठवायला तयार नव्हती. शेवटी लतानं पत्र टाकलं, "माझ्या जबाबदारीवर पाठव. मी स्वतः आणून सोडते."

पोरीनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. जुहूला उतरल्यापासून तोंड म्हणून बंद नाही. उंटावर बसून झालं, गोळा खाऊन झाला. दाजी, नटांचे बंगले कुठं? दाजी, विमान एवढं खालून कसं जातं? लताचा नवरा राजाराम हसून हसून बेजार.

त्याला गर्दी सोसत नसे. म्हणून ते लांब, एका टोकाला बसले. मग दाजी-मेहुणी पाण्याकडे गेली.

चौपाटीची एक रीत आहे. सगळे पाण्यात गेले की एकानं चपला सांभाळायच्या. शेजारचा म्हणाला, "आमच्यापण बघा जरा," तर नाही म्हणायचं नाही.

लता बसली. समोर ओळीत तीन जोड.

मागून एक बाई आली. नऊवारी लुगडं, एवढंच लताला दिसलं.

"बाई, एवढ्या बघा. पाय बुडवून येते."

"बघते ना, जा."

मानसुद्धा वर केली नाही. चूक झाली ती एवढीच.

मान वर केली तेव्हा...

समोर कोणीच नव्हतं.

पाण्यापर्यंत वाळू मोकळी. राजारामची पावलं होती, जानकीची होती. तिसरी नव्हती.

आणि ओळीत चौथा जोड. जुन्या, जाड चामड्याच्या चपला. लतानं हात लावून बघितलं. वाळू तापलेली, पण चपला...

गार होत्या. चिंब भिजलेल्या.

"भाऊ, ती बाई कुठं गेली?" तिनं शेजारच्या शेंगदाणेवाल्याला विचारलं.

"कुठली बाई? मघाशी तुम्ही एकट्याच बोललात."

लता उभी राहून ओरडली, "जानके, नीघ आता."

जानकी गुडघाभर पाण्यात होती. एक लाट आली, लहानशीच. लाट गेली तेव्हा पोरगी जागेवरच होती. फक्त...

तिची बडबड थांबली होती.

ती वर आली. कुणाकडे बघितलं नाही. सरळ त्या चामड्याच्या चपलांत पाय घातले आणि रस्त्याकडे चालू लागली.

"जानके, तुझ्या निळ्या स्लीपर इथं आहेत. त्या दुसऱ्या कुणाच्या आहेत."

"माझ्याच आहेत, बाई."

जानकी तिला जन्मभर आक्का म्हणत आली होती.

"ऊन लागलं असेल," मागोमाग पाण्यातून आलेला राजाराम म्हणाला आणि तिच्या मागे गेला. लता स्लीपर उचलायला वाकली. तेवढ्यात पाण्याकडून...

"आक्का... थांब ना गं."

तोच आवाज. पाण्यात कोणी नव्हतं. जानकी तर पाठमोरी रस्त्यावर पोचली होती.

लता पाण्याकडे धावली नाही. बस चुकेल म्हणून नवरा रस्त्यावरून हाका मारत होता, आणि खरं सांगायचं तर तिची हिंमत झाली नाही. पाण्याकडून पुन्हा हाक आली. तिनं कानांवर हात ठेवले आणि निघून आली. स्लीपर तिथंच राहिल्या.

हे सांगताना काकू माझ्याकडे बघत नव्हती.

आठ दिवसांनी ती जानकीला गावी घेऊन गेली. एसटी थांबली तशी माय धावत आली, आणि चार पावलांवर थबकली. जानकी पाया पडायला वाकली. मायनं पाय मागे घेतले.

मग लताला बाजूला ओढून हळूच विचारलं, "ही कोण हाय ते मला नको सांगू. माझी जानकी मागच्या गाडीनं येतीया का?"



जानकीचं लग्न झालं, मुलं झाली. कधी घाटकोपरला येते. मी तिच्यासोबत खोलीत एकटा थांबत नाही.

माय मात्र मरेपर्यंत रोज संध्याकाळच्या एसटीला फाट्यावर जायची. शेवटचं माणूस उतरेपर्यंत उभी राहायची आणि मग घरी यायची.