माइक चालू होता

कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या दारातून ब्रायनी आणि एक अनोळखी तरुण एकदमच आत शिरायला गेले, आणि तिच्या हातातली गाण्याची पानं ओल्या फरशीवर पसरली.

"सॉ... सॉरी!" तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक पान स्वेटरला पुसून तिला देऊ लागला.

"अहो, स्वेटर खराब होतोय तुमचा."

"तो आ... आधीपासूनच खराब आहे."

ती हसली. शेवटचं पान देताना त्याने ते क्षणभर सोडलंच नाही...

त्याचं नाव ह्यू. ब्रायनीचा गायकवृंद गाणार होता त्या राज्याभिषेकाच्या जुन्या स्तोत्रांचं रेकॉर्डिंग करायला तो लंडनहून आला होता. बाजूच्या खोलीत हेडफोन लावून तो बसला होता आणि स्पीकरवरून सूचना देत होता. "सोप्रानो, ब... बाराव्या ओळीपासून, प्लीज." त्याचा आवाज आला की उंच पट्टीतल्या सोप्रानो गायिकांमध्ये उभ्या ब्रायनीला उगाचच मान खाली घालावीशी वाटत होती.

मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी गाणाऱ्या टॅमसिनने तिला कोपराने ढोसलं. "काय गं, स्पीकर बोलला की तुझे गाल लाल होतात! आवडला वाटतं?"

शेजारच्या चौघीजणी वळून बघू लागल्या. ब्रायनी गांगरली. "कोण, तो? वेड लागलंय का तुला!" तेवढ्याने त्यांचं समाधान होईना, तेव्हा तिने तोंड वाकडं केलं. "ब-ब-ब-ब्रायनी, ल-ल-लग्न करशील? बाई गं, त्याचं विचारून होईपर्यंत म्हातारी होईन मी!"

सगळ्या खिदळल्या.

"हळू बोला गं," गायकवृंदाचे प्रमुख येता येता म्हणाले. "माइक चालू आहेत. तिकडे सगळं ऐकू जातं."

पुन्हा गाणं सुरू झालं. स्पीकरवरून सूचना आल्या, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. ब्रायनीचे कान पेटले. स्तोत्रात राजाचा जयजयकार करायचा होता, आणि तिच्या घशातून धड सूर निघेना.

"विसरेल गं तो," संध्याकाळी टॅमसिन म्हणाली. ब्रायनी तडक बाजूच्या खोलीकडे गेली.

ह्यू वायरी गुंडाळत होता. त्याने वर बघितलं नाही.

"मी... ते मघाशी..." तो थांबून राहिला. "तुम्ही मला आवडला होतात. ते मैत्रिणींना कळलं, आणि मला लाज वाटली."

"मी आ... आवडल्याची लाज?"

तिने होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायची सोय नव्हती. "आता त्या लाजेचीच लाज वाटतेय."

"नकला शाळेपासून ऐकतोय मी," तो वायरीकडे बघत म्हणाला. "पण सकाळी दारात... व... वाटलं होतं, हिच्यापुढे बोलायची घाई करायला नको."

ब्रायनीचे डोळे भरून आले.

"ब्रायनी, येतेस ना?" दारात टॅमसिन उभी होती, मागे त्या चौघी.

पळून जावं असं वाटत असूनही ती जागची हलली नाही. "नाही. मी यांना चहाला विचारायला आलेय. आवडतात ते मला. सकाळपासून." मग त्याच्याकडे वळून, "याल?"

ह्यू कानापर्यंत लाल झाला. "मा... माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"पण च... च..."

"चहा?" टॅमसिन मदतीला धावली.

ब्रायनीने नुसत्या नजरेने तिला गप्प केलं. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. त्याला हवा तेवढा वेळ त्याने घेतला, आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"...चालेल," तो म्हणाला.